पासिंगपुरतं काढायचं, की कायमचं?

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

नमस्कार. मी कराड तालुक्यातला. शेती आहे आणि खताचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी सेकंडहँड थार घेतली. पहिल्या पिढीची, सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनवाली), फोर बाय फोर. नोंदणी २०११ ची, म्हणजे पंधरा वर्षं भरत आलीत आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पासिंग करावं लागणार. दीड महिना हातात आहे. घेतली तेव्हाच मागच्या मालकानं बरंच काम करून घेतलेलं होतं. कापडी हूड काढून फायबरचं हार्डटॉप (कडक टप) बसवलेलं, मागची आडवी बाकं काढून समोर तोंडाच्या सीटा, पुढे लोखंडी बंपर आणि त्यावर विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र). उरलेलं आमच्या चिरंजीवांनी केलं. एकतीस इंची टायर घातले, गाडी दोन इंच उचलली, टपावर लायटीची पट्टी लावली, सायलेन्सर बदलला, ईजीआर (इंजिनाचा थोडा धूर परत आत फिरवणारा व्हॉल्व्ह) बंद केला आणि दिवाळीला मिलिटरीसारखा हिरवा रंग दिला. आता एजंट म्हणतो, काही काढू नका, बारा हजार द्या, पासिंग करून आणतो. पोरगा म्हणतो, दोन दिवस सगळं काढू आणि पासिंग झालं की परत लावू, सगळे असंच करतात. बायको म्हणते, विकून टाका. नियम बदललेत आणि एकेका बदलाला पाच हजार दंड आहे असं ऐकतो. खरं काय आहे? गाडीवर जीव आहे हो.
– एक जीपवाला

जीपवाले दादा,

सुरुवात रंगापासून करतो, कारण तुमच्या घरात त्यावर कुणीच बोलत नाहीये. टायर, बंपर, हार्डटॉप यांवर वाद तरी घालता येतो. ऑलिव्ह ग्रीनवर तोही घालता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ सांगतो की १ जुलै १९८९ नंतर संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही वाहनाला हा रंग द्यायचा नाही. या नियमाचा अलीकडच्या बदलांशी काही संबंध नाही. तो तुमच्या गाडीपेक्षा जुना आहे आणि चिरंजीवांपेक्षाही जुना असावा. इतर कुठला रंग असता तर फी भरून आरसीवर नोंद करून घेता आली असती. हा रंग नोंदवून घ्यायची सोयच नाही. ‘हा ऑलिव्ह नाही, जरा वेगळा हिरवा आहे’ असा युक्तिवाद पोरगा करेल. आरटीओच्या निरीक्षकासमोर उभं राहून हिरव्याच्या छटांवर चर्चा करायची हौस असेल तर जरूर करा, पण अपॉइंटमेंट वाया जाईल. आरसीवर जो रंग लिहिलाय तोच परत द्या. खर्चाच्या यादीतला बहुधा सगळ्यात मोठा आकडा हाच असेल, आणि तो टळत नाही.

आता ‘नियम बदललेत’ याबद्दल. बदललेत हे खरं आहे, पण गावात बोललं जातं तसे नाही.

मूळ गोष्ट मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. उत्पादकानं जी वैशिष्ट्यं ठरवून दिली आणि जी नोंदणी प्रमाणपत्रावर उतरली, त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल मालकानं करायचा नाही, असं ते कलम म्हणतं. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं केरळातून आलेल्या एका प्रकरणात याचा अर्थ पक्का केला. उच्च न्यायालयानं मालकाला थोडी मोकळीक दिली होती, ती सर्वोच्च न्यायालयानं काढून घेतली. मात्र त्याच निकालात असंही म्हटलंय की उत्पादकाच्या मूळ वैशिष्ट्यांना धक्का न लावणाऱ्या, आरसीवरच्या इतर नोंदी रीतसर बदलता येतात. मथळे फक्त पहिल्या अर्ध्याचे झाले आणि ‘आता स्टिकरसुद्धा चालत नाही’ अशी हवा पसरली. तसं नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुम्ही ऐकलेला आकडा बरोबर आहे.

पण वाक्य नीट वाचा. त्यात ‘बदल करणारा मालक’ म्हटलंय. हार्डटॉप, सीटा आणि बंपर हे मागच्या मालकाचं काम आहे. उद्या त्यावरून खटला उभा राहिलाच, तर वकील हा मुद्दा मांडू शकेल. पासिंगच्या रांगेत मात्र तो काही कामाचा नाही. निरीक्षकाला कुणी केलं याच्याशी देणंघेणं नसतं. समोरची गाडी आणि हातातली आरसी जुळते का, एवढंच तो बघतो.

दुसरा बदल तपासणीच्या पद्धतीत झालाय, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रानं स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम आणले. ब्रेक रोलरवर तपासायचे, हेडलाइटचा झोत, धूर, आवाज, स्टीअरिंग, सस्पेन्शन, स्पीडोमीटर हे सगळं यंत्रानं मोजायचं आणि निकाल थेट संगणकात जायचा. व्यापारी वाहनांसाठी ही केंद्रं बंधनकारक करायची तारीख ढकलत ढकलत १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत आली. सगळीकडे केंद्रं उभी राहिलेली नाहीत, म्हणून तुमची गाडी निरीक्षकापुढे उभी राहणार की यंत्रावर चढणार, हे अपॉइंटमेंट घेतानाच कार्यालयात विचारून घ्या. दोन्हींत फरक आहे. निरीक्षक हार्डटॉप बघून भुवया उंचावेल, यंत्राला हार्डटॉप दिसणार नाही. पण उचललेल्या गाडीचा झोत आणि मोठ्या टायरची ब्रेकिंग यंत्राच्या नजरेतून सुटणार नाही. आणि यंत्र एजंटला ओळखत नाही.

तेव्हा आजच आरसी बाहेर काढा. स्मार्ट कार्डावर सगळं दिसत नसेल तर परिवहनच्या पोर्टलवर किंवा अॅपवर बघा. बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, रिकाम्या गाडीचं वजन, रंग, इंजिन नंबर, चेसिस नंबर, प्रदूषण मानक. हे एका कागदावर उतरवा आणि कागद घेऊन गाडीभोवती एक फेरी मारा. माझं पुढचं सगळं लिखाण या कागदावर अवलंबून आहे.

हार्डटॉप. पहिल्या पिढीची थार कारखान्यातून कापडी हूड घेऊनच यायची. कंपनीचं हार्डटॉप मिळायला लागलं ते २०२० च्या नव्या थारपासून. म्हणजे तुमच्या गाडीवरचं हार्डटॉप शंभर टक्के बाहेरचं आहे, मागच्या मालकानं ‘शोरूममधूनच बसवून घेतलं’ असं सांगितलं असेल तरीही. आरसीत बॉडीचा प्रकार काय लिहिलाय त्यावर सगळं आहे. नोंदणीच्या वेळी किंवा नंतर रीतसर ‘हार्ड टॉप’ अशी नोंद झाली असेल तर तुमचं नशीब, तिचा प्रिंट काढून जवळ ठेवा. नसेल तर पासिंगला हूड घालून जायचं.

हार्डटॉपची गाडी एका कार्यालयात निमूट पास होते आणि शेजारच्या जिल्ह्यात परत पाठवली जाते, हे जीपवाल्यांना पाठ आहे. त्यामुळे कुणीतरी तुम्हाला सांगेलच की ‘माझी झाली, तुमचीही होईल’. होईलही. पण दीड महिना हातात असताना त्या भरवशावर राहू नका. आणि एक गोष्ट कायद्याबाहेरची. कारागिरानं साच्यात काढलेलं फायबरचं टप म्हणजे रोल केज नव्हे. गाडी उलटली तर ते तुम्हाला वाचवणार नाही. पावसापासून आणि धुळीपासून वाचवतं, थंडीत बरं वाटतं, एवढ्यासाठी ते ठीक आहे. घरच्यांना ‘आता सेफ झाली’ असं सांगत असाल तर ते थांबवा.

सीटांच्या बाबतीत मला नियमापेक्षा मागच्या मालकाची अक्कल जास्त पटते. आडव्या बाकावर बेल्टशिवाय बसलेल्या माणसापेक्षा समोर तोंड करून बेल्ट लावलेला माणूस सुरक्षित असतो, याला काही शास्त्रज्ञ लागत नाही. पण आरसीवरची आसनसंख्या आणि गाडीतल्या जागा जुळत नसतील तर पासिंग अडणार, आणि विमा कंपनीलाही तो मुद्दा सापडणार. त्या सीटा कशावर बसवल्यात ते मिस्त्रीकडून खालून बघून घ्या. नुसत्या पत्र्याला भोकं पाडून नटबोल्ट मारले असतील, तर धक्क्यात सीट माणसासकट सुटून पुढे येईल. अशा सीटा पासिंग असो वा नसो, काढाच. खाली जाड प्लेट देऊन नीट केलेलं काम असेल, तर जुनी बाकं लावून पासिंग करा आणि समोरच्या सीटांसाठी कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा. तोंडी विचारू नका. तोंडी उत्तर काउंटरवरचा माणूस बदलला की बदलतं.

टायर आणि उचललेली गाडी एकत्रच बघू, कारण ती दुखणी एकमेकांत अडकलेली आहेत. सीआरडीईला कंपनीचा टायर २३५/७० आर १६ होता. त्याचा व्यास साधारण ७३५ मिलीमीटर. एकतीस इंची टायर कागदावर ७८७ मिलीमीटरचा. म्हणजे चाक सात टक्क्यांनी मोठं झालं. मीटरवर ८० दिसतं तेव्हा गाडी ८५–८६ नं पळत असते, आणि मीटरवर शंभर किलोमीटर पडतात तेव्हा ती एकशे सात चाललेली असते. गाडी विकताना किलोमीटर कमी दिसतात एवढाच काय तो फायदा, आणि तोही सरळ नाही. चाक मोठं आणि जड झालं की तेच ब्रेक कमी पडतात. तुमच्या गाडीत एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, हे लक्षात असू द्या. कराडहून चिपळूणकडे जाताना घाटात भिजलेल्या रस्त्यावर हा सात टक्क्यांचा हिशेब तुमच्या पायाला कळतो.

गाडी उचलताना या मॉडेलमध्ये बहुतेक गॅरेजवाले पुढची टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी दांडी) पिळतात आणि मागे स्प्रिंगच्या पाट्यांना लांब शॅकल (पाट्या टांगायची कडी) लावतात. स्वस्तात होतं. पण पुढच्या अॅक्सलचे सांधे कायम तिरके राहतात, रबरी बूट फाटतात, ग्रीस बाहेर पडतं, आणि चाकांची अलाइनमेंट कधीच जागेवर राहत नाही. समोरून येणाऱ्याच्या बाजूनं बघाल तर मुख्य गोष्ट वेगळीच आहे. गाडी उचलली की हेडलाइटचा झोतही वर जातो. उचलल्यावर झोत परत खाली बसवून घेतलाय का, विचारा पोराला. नसेल घेतला. यंत्रावर गाडी इथेच नापास होते, आणि व्हावीच.

माझा सल्ला असा: टॉर्शन बार मूळ जागेवर आणा, शॅकल बदला, कंपनीच्या मापाचे टायर घाला. पंधरा वर्षांच्या गाडीवर एवढा ताण ठेवून पुढची पाच वर्षं काढायची असतील, तर मिस्त्रीचा नंबर पाठ करून ठेवा. अलॉय व्हीलचा त्रास सहसा होत नाही, त्याची काळजी करू नका. टायरची नक्षी १.६ मिलीमीटरपेक्षा कमी उरली असेल तर मूळ माप असूनही चालणार नाही.

टपावरची पट्टी काढा. यावर लांबड लावत नाही. नियम १११ प्रमाणे पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला नोंदणी प्राधिकरणाची आगाऊ परवानगी लागते आणि तीही अपवादानंच मिळते. रात्री ऊसाच्या फडात पाणी द्यायला जाताना पट्टी उपयोगी पडते हे मी समजू शकतो. पण ती महामार्गावरही लागलेली असते, हे तुम्हालाही माहीत आहे.

लोखंडी बंपर. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवून बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं. पत्र आल्यावर बाजारात दोन कारणं फिरायला लागली. एक, बंपरमुळे एअरबॅग वेळेवर उघडत नाही. तुमच्या थारमध्ये एअरबॅगच नाही, त्यामुळे हे कारण तुम्हाला लागू होत नाही, आणि पोरगा हा मुद्दा अभिमानानं सांगेल. दुसरं कारण मात्र लागू होतं. कंपनीचा पत्रा दबतो आणि धक्का स्वतःत घेतो. पाइपाचा किंवा जाड पट्टीचा बंपर दबत नाही, आणि समोर दुचाकीवाला किंवा पायी चालणारा असेल तर तो सगळा धक्का त्याच्या मांडीला बसतो. गावातून, बाजाराच्या दिवशी, शाळा सुटताना ही गाडी चालवणारे तुम्ही आहात. बंपर काढा. विंच त्याच्यावरच बसवलेली असल्यामुळे तीही उतरेल. ती नीट पुसून, ग्रीस लावून ठेवा.

सायलेन्सरबद्दल पोराला एकट्याला बसवून सांगा, कारण यात दुखणार त्याला आहे. आवाज आणि प्रदूषणाच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि शिवाय तीन महिने लायसन्स बाद. पाच हजारांच्या दंडाची चर्चा करता करता हे राहूनच जातं. दंड बाप भरेल, लायसन्स चालवणाऱ्याचं जाईल.

ईजीआरचं जरा वेगळं आहे आणि मी ते खरं तेच सांगतो. पासिंगला कुणी बॉनेट उघडून ईजीआरचा पाइप तपासत बसणार नाही. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची दाट-पातळ मोजतात, आणि ईजीआर बंद केला की काजळी उलट कमी होते. म्हणजे चाचणीत कदाचित तुम्ही चांगल्या आकड्यानं पास व्हाल. वाढतात ते नायट्रोजनचे ऑक्साइड, जे पीयूसीवाला मोजतच नाही. पकडलं जाणार नाही म्हणून ठेवायचं का, हे तुम्ही ठरवा. मी ठेवणार नाही. व्हॉल्व्ह साफ करून परत चालू करायला फार खर्च येत नाही. ईसीएममध्ये (इंजिनाच्या संगणकात) पोरानं ताकद वाढवायला काही मॅप, म्हणजे बदललेली सेटिंग, टाकली असेल तर मात्र ती काढलीच पाहिजे, कारण त्यानं धूर वाढतो. मर्यादा आरसीवरच्या मानकाप्रमाणे बघा. बीएस-३ असेल तर ६५ हार्ट्रिज (धुराच्या दाटपणाचं माप), बीएस-४ असेल तर ५०. पासिंगच्या आधी आठ दिवस इंजिन ऑइल आणि एअर फिल्टर बदलून पीयूसी काढून बघा, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहील.

आता चिरंजीवांची योजना: दोन दिवस काढायचं आणि परत लावायचं. सगळे असंच करतात, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. पंधरा वर्षांपूर्वी ते खपूनही जायचं, कारण पासिंग ही एका दिवसाची आणि एका माणसाच्या नजरेची गोष्ट होती. आता अनेक कार्यालयांत निरीक्षक गाडीचे फोटो काढून प्रणालीत चढवतात. म्हणजे तुम्हीच सरकारला तुमच्या गाडीचा मूळ रूपातला पुरावा देऊन ठेवता आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या उलट गाडी रस्त्यावर आणता. मग ‘मागच्या मालकानं केलं होतं’ हा जो एक मुद्दा तुमच्याकडे होता, तोही गेला. पासिंगनंतर जे काही बसेल ते तुम्ही बसवलेलं असेल, तारखेसकट.

आणि खरी परीक्षा पासिंगला होतच नाही. ती अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो तेव्हा होते. तो आरसी बघतो, पॉलिसी बघतो आणि गाडी बघतो. न कळवलेला बदल अपघाताला कारण ठरला असं त्याला दिसलं, की स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो. समोरच्या माणसाला भरपाई द्यायची वेळ आली तर ती रक्कम कंपनी नंतर तुमच्याकडून वसूल करायला बघू शकते. खताच्या दुकानावर ते ओझं कशाला? जे सामान कायदेशीर आहे पण कंपनीचं नाही, म्युझिक सिस्टीमसारखं, ते पॉलिसीत जादा प्रीमियम भरून नोंदवून घेता येतं. नूतनीकरणाच्या वेळी एजंटला तसं स्पष्ट सांगा.

एजंटच्या बारा हजारांचं बघू. पंधरा वर्षांनंतर मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची सरकारी फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये आहे, त्याआधी ती सहाशे होती. त्याच्याशिवाय पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. फॉर्म २५ ऑनलाइन भरणं, अपॉइंटमेंट घेणं, चेसिसचा पेन्सिल छाप, रांग, हे सगळं करायला एजंटनं मेहनताना घ्यावा, त्यात काही गैर नाही. शेतीचा माणूस दोन दिवस कार्यालयात बसू शकत नाही. पण ‘काही काढू नका’ म्हणणारा एजंट पासिंग विकत नसतो. तो एका ओळखीच्या माणसाची एका दिवसाची नजर विकतो. त्या माणसाची बदली होते, अपघात झाला तर एजंट फोन उचलत नाही, आणि गाडी तुमच्या नावावर असते. त्याला विचारा, बारा हजारांची पावती किती रुपयांची मिळेल? उत्तरावरून ठरवा.

वेळेचं गणित सोपं आहे. मुदत संपण्याआधी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो, म्हणजे तुम्ही आत्ताच करू शकता. मुदत उलटली तर मोटारीला दर महिन्याला, महिन्याच्या भागालाही, पाचशे रुपये जादा. पैसे जातात ते जातात, पण मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे नोंदणी नसलेली गाडी चालवणं, आणि त्याचा पहिलाच दंड दोन ते पाच हजारांच्या घरात आहे. रंगकाम वेळेत होत नसेल तर गाडी घरी उभी ठेवा. उशिराची फी भरा, पण चालवू नका. उच्च सुरक्षा नंबरप्लेट (एचएसआरपी) अजून बसवली नसेल तर ती सगळ्यात आधी नोंदवा. एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना ती लागतेच आणि तिच्याशिवाय कार्यालयातली इतर कामं अडतात. मराठीत मोठ्या अक्षरांत ‘राजे’ लिहिलेली पाटी असेल, तर तिला घरात लावा.

वहिनींचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. रंग, हूड, बाकं, टायर, सस्पेन्शन असा सगळा हिशेब घातला तर आकडा त्यांना पटणारा निघणार नाही. नोंदणी पाच वर्षांची मिळेल. त्यानंतर गाडी वीस वर्षांची होईल, आणि ऑगस्ट २०२५ च्या बदलानुसार वीस वर्षांपुढच्या मोटारीची नूतनीकरण फी दहा हजार झालीय. पण आत्ता विकायची हे मला पटत नाही. दीड महिन्याची नोंदणी उरलेली, आरसीशी न जुळणारी, हिरवी गाडी घ्यायला येणारा माणूस भाव पाडूनच येईल. मूळ रूपात आणून पाच वर्षांची नोंदणी केलेली जुनी थार मात्र शोधणारे लोक आहेत. विकायचीच असेल तर पासिंगनंतर विका. खर्चाचा बराच भाग निघेल. दोघं मिळून आधी आकडे लिहा, मग बोला.

पोराचा छंद मारायला मी सांगत नाहीये. चिखलात, खडकावर गाडी चालवणं हा खरा खेळ आहे, आणि तो खाजगी जागेवर, आयोजकांच्या देखरेखीत खेळणारे गट आपल्याकडे आहेत. मोठे टायर तिथे पिकअपमधून न्या, तिथे चढवा आणि उतरवून आणा. कटकटीचं आहे, मान्य. त्याला खरंच एवढं वेड असेल तर तो करेल. नसेल करत, तर टायर गावात मिरवण्यापुरतेच होते असं समजा.

पुढच्या आठवड्याचं काम ओळीनं सांगतो. आरसी तपासा, नंबरप्लेट नोंदवा, अर्ज भरा, गाडी रंगाला द्या. रंगाला गाडी गेली की तिथेच टप, बंपर, पट्टी आणि सीटा उतरवून घ्या, दोनदा मजुरी पडणार नाही. आणि हे सगळं सुरू करण्याआधी मागच्या मालकाला फोन करा. जुन्या थारवाले हूडचा सांगाडा आणि मूळ बाकं सहसा भंगारात घालत नाहीत, गोठ्यात किंवा माळ्यावर टाकून ठेवतात. त्याच्याकडे असतील तर तुमचे निदान वीसेक हजार वाचतील. मूळ बंपर असेल तर तोही मागून घ्या.